लिनक्सच्या पायाभूत घटकांवर कंपन्यांची पकड: काळजी कुठे करायची आणि ती मोजायची कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे: सिस्टिमडी (मशीन सुरू होताना सगळ्या सेवा चालू करणारा आणि सांभाळणारा घटक) रेड हॅट या लिनक्स विकणाऱ्या कंपनीच्या माणसांनी लिहिलं, कर्नलमधले, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातले, बहुतेक पॅच (कोडमधले बदल) पगारी अभियंत्यांचे असतात आणि सेंटओएस लिनक्स, म्हणजे रेड हॅटच्या लिनक्सची फुकट प्रत, एका घोषणेनिशी बंद झालं. मग लिनक्सचा गाभा खरोखर मुक्त उरला आहे का? आणि तीस-चाळीस सर्व्हर सांभाळणाऱ्या छोट्या चमूने यातल्या नेमक्या कशाची काळजी करावी?

काळजी करायलाच हवी, पण ती बहुतेक वेळा चुकीच्या जागी केली जाते. कोड कोणाच्या पगारावर लिहिला गेला, हा त्यातला सर्वांत कमी महत्त्वाचा प्रश्न. उद्या त्या कंपनीचं धोरण फिरलं तर त्या घटकापासून सुटायला तुम्हाला किती दिवस आणि किती माणसं लागतील, हे आधी विचारा. हा सुटण्याचा खर्च चार गोष्टींवर ठरतो: कायदेशीर हक्क कोणाकडे आहेत, पॅच आत घ्यायचा अधिकार कोणाकडे आहे, नाव, सह्यांच्या किल्ल्या आणि सर्व्हर कोणाचे आहेत, आणि बाकीची किती सॉफ्टवेअरं त्या घटकाला चिकटून बसली आहेत. एखादा घटक पहिल्या बाबतीत अगदी सुरक्षित आणि चौथ्या बाबतीत पुरता अडकलेला असू शकतो. सिस्टिमडीचं तसंच आहे, आणि म्हणून त्यावरचे वाद कधी संपत नाहीत.

हक्क: परवान्याच्या शेजारची फाईल वाचा

परवान्याची फाईल सगळे बघतात. तिच्या शेजारची ‘कॉन्ट्रिब्यूटिंग’ नावाची फाईल फारसं कोणी उघडत नाही. बाहेरच्या माणसाचा पॅच घेताना प्रकल्प त्याच्याकडून काय लिहून घेतो, ते तिथे असतं.

कर्नल फक्त एक ओळ मागतं: ‘साइन्ड-ऑफ-बाय’ आणि पुढे नाव. एससीओ या कंपनीने २००३ मध्ये कोडच्या मालकीवरून आयबीएमवर दावा लावला, त्यानंतर २००४ मध्ये ही पद्धत आली. तिचा अर्थ एवढाच की हा कोड देण्याचा मला हक्क आहे. कॉपीराइट लिहिणाऱ्याकडे किंवा त्याच्या मालकाकडे राहतो. त्यामुळे कर्नलचे हक्कधारक हजारो आहेत आणि त्यांत एकमेकींच्या कट्टर स्पर्धक कंपन्याही आहेत. जीपीएल आवृत्ती २ हा आजचा परवाना सोडून दुसऱ्या परवान्यावर जायचं तर त्या सगळ्यांची संमती हवी, आणि ती मिळणं व्यवहारात अशक्य आहे. इंटेल, गूगल, रेड हॅट, एएमडी यांनी कितीही पॅच दिले तरी कर्नलला कुलूप लावायची ताकद त्यांच्यापैकी एकाकडेही नाही.

याच्या उलट टोकाला सीएलए, म्हणजे योगदानाचा करारनामा. सगळेच सीएलए वाईट नसतात. त्यातलं एकच कलम शोधा. तुम्ही दिलेला कोड ‘इतर कोणत्याही परवान्याखाली’ वितरित करायचा हक्क कंपनीला मिळतो का? मिळत असेल तर तराजू तिच्या बाजूला झुकलेला आहे: तुम्हाला तो कोड फक्त मुक्त परवान्याने वापरता येतो, कंपनीला मात्र बंद उत्पादनातही.

असं झालं की काय होतं, याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण सन कंपनीच्या ओपनसोलारिस या ऑपरेटिंग सिस्टिमचं. सनने २००५ मध्ये तो कोड सीडीडीएल परवान्याखाली खुला केला, पण योगदान देणाऱ्यांकडून कॉपीराइटमध्ये वाटा लिहून घेतला होता. ओरॅकलने जानेवारी २०१० मध्ये सन विकत घेतली आणि ऑगस्टमध्ये खुला विकास थांबवला. आधी खुला झालेला कोड कोणी परत घेऊ शकलं नाही, म्हणून त्याच महिन्यात इल्युमॉस हा फोर्क (त्याच कोडवरून निघालेला वेगळा प्रकल्प) उभा राहू शकला. पण तो उभा करताना एक जुनी गोष्ट समोर आली: सी लायब्ररीचा भाषा-लोकेलचा भाग सनने कधीच खुला केला नव्हता, तो फक्त तयार बायनरी म्हणून मिळायचा. इल्युमॉसला तो नव्याने लिहावा लागला. म्हणून कोणताही गाभ्याचा घटक तपासताना स्वच्छ कंटेनरमध्ये (बाकी मशीनपासून वेगळ्या ठेवलेल्या खोक्यात), नेटवर्क बंद करून, फक्त सोर्सवरून तो बांधून बघा. बांधणी मध्येच काहीतरी तयार मागायला लागली तर तिथे भगदाड आहे.

अलीकडचं उदाहरण एलएक्सडी या कंटेनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं. जुलै २०२३ मध्ये उबंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलने हा प्रकल्प लिनक्स कंटेनर्स या समुदायाच्या छत्राखालून स्वतःकडे घेतला. ऑगस्टमध्ये इन्कस हा फोर्क निघाला. डिसेंबरमध्ये कॅनॉनिकलने एलएक्सडीचा परवाना अपाचे २.० वरून एजीपीएल आवृत्ती ३ केला आणि सीएलए लावला. एजीपीएलचा कोड अपाचेच्या प्रकल्पात जसाच्या तसा घेता येत नाही, त्यामुळे त्या दिवसापासून एलएक्सडीतली सुधारणा इन्कसकडे जायचा रस्ता बंद झाला. पुढे लिनक्स कंटेनर्सनेही आपला तयार इमेजांचा सर्व्हर एलएक्सडीसाठी बंद केला. परवाना निर्दोष असूनही ज्यांच्या स्क्रिप्टमध्ये त्या सर्व्हरचा पत्ता पक्का लिहिलेला होता, त्यांचं काम अडलं. सर्व्हर कोणाचा, हा मुद्दा परवान्याइतकाच जड असतो तो यामुळे.

नाव आणि सर्व्हर: सेंटओएसचा धडा

सेंटओएसच्या कोडला काहीच झालं नव्हतं. जानेवारी २०१४ मध्ये प्रकल्प रेड हॅटच्या पंखाखाली गेला, तेव्हा नाव, बोधचिन्ह आणि मुख्य लोकांचे पगारही तिकडे गेले. २०१९ मध्ये आयबीएमने ३४ अब्ज डॉलरला रेड हॅट घेतली. ८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झालं की २०२९ पर्यंत चालेल असं धरलेलं सेंटओएस लिनक्स ८ हे ३१ डिसेंबर २०२१ ला संपेल. परवान्याचा भंग कुठेच झाला नव्हता. हरवलं ते वेळापत्रक, आणि वेळापत्रकाला कोणताही मुक्त परवाना संरक्षण देत नाही.

२१ जून २०२३ ला पुढचं पाऊल पडलं: आरएचईएलचा, म्हणजे रेड हॅटच्या विकाऊ लिनक्सचा, सोर्स सार्वजनिकरीत्या फक्त सेंटओएस स्ट्रीमच्या, म्हणजे पुढच्या आवृत्तीच्या चालू कामाच्या, रूपात, नेमका आवृत्तीनिहाय सोर्स ग्राहकांनाच. जीपीएलमध्ये ते बसतं, कारण बायनरी ज्याला दिली त्याला सोर्स देणं एवढीच त्याची अट आहे. सोर्स पुढे वाटायचा हक्क ग्राहकाला परवान्याने मिळतो, पण तसं केल्यास सदस्यत्व पुढे चालू ठेवायची सक्ती कंपनीवर नाही. माझ्या मते हे जीपीएलच्या अक्षराला धरून आणि त्याच्या हेतूपासून दूर आहे.

यानंतर आरएचईएलच्या फुकट पर्यायांच्या दोन वाटा झाल्या. रॉकी लिनक्सने कंटेनर इमेजा आणि तासावर भाड्याने मिळणाऱ्या क्लाउड मशीनमधून सोर्स मिळवून हुबेहूब प्रत काढणं चालू ठेवलं. अल्मालिनक्सने हुबेहूबपणाचा हट्ट सोडून फक्त एबीआय सुसंगततेचं वचन ठेवलं, म्हणजे आरएचईएलवर चालणारा प्रोग्रॅम तिथेही चालेल, पण चुका सारख्याच असतील असं नाही. लहान चमूसाठी मला अल्मालिनक्स जास्त भरवशाचं वाटतं. त्याचं एक ठोस कारण सांगतो. आरएचईएल १० ला प्रोसेसर एक्स८६-६४-व्ही३ पातळीचा लागतो, म्हणजे इंटेलच्या बाबतीत साधारण २०१३ च्या हॅसवेलपासून पुढचा. अल्मालिनक्स १० त्यासोबत व्ही२ साठीही वेगळी बांधणी देतं. जुन्या सर्व्हरवर काम भागवणाऱ्या शाळा, पतसंस्था, छोटे कारखाने यांच्यासाठी हा फरक थेट पैशांचा आहे. हुबेहूब प्रत काढायची ठरवली असती तर हे करता आलं नसतं.

ज्यांच्याकडे अजून सेंटओएस ७ आहे (त्याची मुदत ३० जून २०२४ ला संपली), त्यांनी स्थलांतर करताना एका गोष्टीकडे डोळ्यांत तेल घालून पाहावं. सेंटओएस ७ मध्ये ग्लिबसी (जवळपास सगळे प्रोग्रॅम जिच्यावर टेकतात ती सी लायब्ररी) २.१७ आहे आणि ८ च्या कुटुंबात २.२८. ग्लिबसी २.२८ मध्ये अक्षरांच्या क्रमवारीचे नियम मुळापासून बदलले. पोस्टग्रेस्क्यूएल हा डेटाबेस मजकुरावरच्या इंडेक्ससाठी बहुतेक ठिकाणी ग्लिबसीचीच क्रमवारी वापरतं. डेटा फोल्डर तसाच उचलून नव्या मशीनवर ठेवला, किंवा जुन्या आणि नव्या मशीनमध्ये स्ट्रीमिंग रेप्लिकेशन लावलं, की इंडेक्स जुन्या क्रमात आणि तुलना नव्या नियमांनी होते. त्रुटीचा संदेश येत नाही. शोध रिकामा येतो, ‘युनिक’ असलेल्या रकान्यात एकच नाव दोनदा बसतं. सुरक्षित वाट म्हणजे डम्प काढून नव्या मशीनवर परत भरणं. फोल्डर उचलायचाच असेल तर सेवा वापरकर्त्यांना उघडण्याआधी पूर्ण डेटाबेस रीइंडेक्स करा, त्यानंतर आवृत्ती १५ किंवा पुढची असेल तर डेटाबेसवर ‘रिफ्रेश कोलेशन व्हर्जन’ चालवा. एमचेक हे एक्स्टेन्शन लावून इंडेक्स तपासता येतात. आकडे आणि तारखांवरच्या इंडेक्सना, तसंच ‘सी’ क्रमवारीला, याची झळ लागत नाही.

सिस्टिमडी: मोकळा परवाना, घट्ट गाठी

सिस्टिमडीबद्दल बोलताना चोर सोडून संन्याशाला फाशी दिली जाते असं मला अनेकदा वाटतं, म्हणून जरा सविस्तर.

एप्रिल २०१० मध्ये लेनार्ट पॉटरिंग यांनी ते जाहीर केलं. काय सिव्हर्स त्यांच्यासोबत होते. सिस्टिमडी वापरात येण्याआधी उबंटू, फेडोरा आणि आरएचईएल ६ या सगळ्यांत तेच काम करणारं कॅनॉनिकलचं अपस्टार्ट होतं. अपस्टार्टला सीएलए होता, आणि त्यावर काम करण्याऐवजी नवं लिहिण्यामागे हे एक कारण होतं, असं सिस्टिमडीच्या लेखकांनी उघड सांगितलं आहे. सिस्टिमडी एलजीपीएल २.१ किंवा पुढच्या परवान्याखाली आहे, त्याला सीएलए नाही आणि हक्क विखुरलेले आहेत. म्हणजे कायद्याच्या बाजूने पाहिलं तर ज्याला हटवून ते आलं, त्यापेक्षा ते जास्त सुरक्षित आहे. पॉटरिंग २०२२ मध्ये रेड हॅट सोडून मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि प्रकल्प थांबला नाही. पॅच आत घेणारे लोक तेव्हाही अनेक कंपन्यांत वाटलेले होते.

फेडोरा १५ मध्ये ते २०११ साली मूळ निवड झालं. डेबियनच्या तांत्रिक समितीत फेब्रुवारी २०१४ मध्ये आठ सदस्यांची मतं चार-चार अशी विभागली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टिमडी आलं. रेड हॅटचा डेबियनवर कसलाही अधिकार नव्हता. पण तोवर रेड हॅटच्या पगारावरच्या माणसांनी इतकं काम करून ठेवलं होतं की तेवढंच काम पर्यायासाठी करायला दुसऱ्या कोणाकडे हात नव्हते. काही दिवसांतच उबंटूनेही अपस्टार्ट सोडायचं ठरवलं. कंपनीचा प्रभाव बहुधा असाच येतो: हुकूम कोणी देत नाही, दुसऱ्या बाजूला काम करणारं कोणी उरत नाही.

पकड घट्ट झाली ती जोडण्यांमुळे. २०१२ मध्ये यूडेव्हचा (हार्डवेअर ओळखणाऱ्या घटकाचा) कोड सिस्टिमडीत मिसळला. ग्नोम हा डेस्कटॉप लॉगिनडीवर, म्हणजे लॉगिन सांभाळणाऱ्या सिस्टिमडीच्या भागावर, टेकायला लागला. ज्यांना सिस्टिमडी नको होतं त्यांना आता फक्त इनिट (मशीन सुरू करणारा पहिला प्रोग्रॅम) बदलून भागेना. जेंटूकडून ईयूडेव्ह आला, लॉगिनडीचा भाग वेगळा काढून ईलॉगिनडी झालं, डेव्हुआन या सिस्टिमडीशिवायच्या डेबियनने २०१७ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती काढली. सुटता येतं, पण प्रत्येक गाठ वेगळी सोडवावी लागते आणि ती सुटलेली ठेवायला कोणाला तरी कायमचं बसावं लागतं.

मूळ सेटिंग कोण ठरवतं, इकडे फार कमी लोक लक्ष देतात, आणि रोजच्या कामात सर्वांत जास्त तेच भोवतं. मे २०१६ मध्ये आवृत्ती २३० ने ‘किलयूजरप्रोसेसेस’चं मूळ मूल्य ‘हो’ केलं. लॉगआउट केलं की वापरकर्त्याच्या मागे राहिलेल्या प्रक्रिया मारल्या जातील, त्यात टीमक्स आणि स्क्रीनमध्ये रात्रभर चालायला ठेवलेली कामंही आली. डेबियन आणि फेडोराने बांधणीच्या वेळीच ते ‘नाही’ करून टाकलं. म्हणजे मूळ प्रकल्पाने ठरवलेलं तुमच्यापर्यंत तसंच पोहोचत नाही, मध्ये डिस्ट्रोचा (डेबियन, फेडोरासारख्या तयार लिनक्स संचाचा) पॅकेज सांभाळणारा उभा असतो. तो माणूस जागरूक आहे की नाही, यावर तुमचं बरंच काही अवलंबून आहे.

अजून दोन मूळ मूल्यं तपासा. सिस्टिमडी-रिझॉल्व्हडीला कुठूनच डीएनएस सर्व्हर मिळाला नाही तर मूळ कोडमधली पर्यायी यादी क्लाउडफ्लेअर आणि गूगलची आहे. सिस्टिमडी-टाइमसिंकडीच्या पर्यायी यादीत गूगलचे वेळ सर्व्हर आहेत, आणि गूगल लीप सेकंद एका झटक्यात न देता दिवसभर पसरून देतं. इतर एनटीपी सर्व्हरांसोबत ते मिसळले तर अशा दिवशी घड्याळांत अर्ध्या सेकंदापर्यंत तफावत पडू शकते. डिस्ट्रोने ही मूल्यं बदलावीत असं सिस्टिमडीचे लोक स्वतःच सांगतात, आणि डेबियन वेळेसाठी आपल्या नावाचा पूल देतं. तुमच्याकडे काय आहे ते ‘सिस्टिमडी-अ‍ॅनालाइझ कॅट-कॉन्फिग’ने पाहा, मूळ फाईल आणि तुमच्या दुरुस्त्या ते एकत्र दाखवतं. ओळीच्या सुरुवातीला हॅशचं (#) चिन्ह असेल तर ते बांधणीच्या वेळचं मूल्य. बदल करताना मूळ फाईलला हात लावू नका. नावाच्या शेवटी ‘.डी’ असलेल्या उपफोल्डरमध्ये दोन ओळींची वेगळी फाईल ठेवा, म्हणजे पुढच्या अपडेटमध्ये ती पुसली जाणार नाही. डीएनएसची पर्यायी यादी बंद करायची तर ‘फॉलबॅकडीएनएस=’ एवढीच ओळ लिहा, बरोबरीच्या चिन्हापुढे काहीच नको.

तुमच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये गाठी कमी मारायच्या असतील तर युनिट फाईल बिनधास्त वापरा. ती साधा मजकूर आहे, दुसऱ्या इनिटवर न्यायला तासभरही लागत नाही. लॉग स्टँडर्ड आउटपुटवर लिहा, जर्नलची खास लायब्ररी जोडू नका. ‘मी तयार आहे’ हे सिस्टिमडीला कळवण्यासाठी लिबसिस्टिमडी जोडायची मुळीच गरज नाही. ‘नोटिफाय_सॉकेट’ या पर्यावरण-चलातला पत्ता वाचायचा आणि त्या युनिक्स सॉकेटवर एक छोटा संदेश पाठवायचा. वीस-तीस ओळींत होतं.

ही बारकाई नव्हे, हे मार्च २०२४ मध्ये कळलं. डेबियन आणि फेडोरा यांनी ओपनएसएसएचला (दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या प्रोग्रॅमला) एवढ्या एका संदेशासाठी लिबसिस्टिमडी जोडलेली होती. लिबसिस्टिमडीमागे डेटा दाबून लहान करण्यासाठी लिबएलझेडएमए ही लायब्ररी येत होती, आणि ती ज्या एक्सझेड प्रकल्पातली आहे त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता. २९ मार्चला तो उघड झाला, कारण मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं. स्थिर आवृत्त्यांपर्यंत तो पोहोचला नव्हता. त्याच वर्षी जुलैत ओपनएसएसएच ९.८ ने तो संदेश स्वतःच, कोणतीही लायब्ररी न जोडता, पाठवायला सुरुवात केली.

एक्सझेडवर कोणत्याही कंपनीचा प्रभाव नव्हता. एक माणूस ती फुकट, एकट्याने सांभाळत होता. त्याच्यावर दबाव आणून, मदतीचा हात पुढे करून दुसरा माणूस आत शिरला. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत हार्टब्लीड ही सुरक्षेची चूक उघड झाली तेव्हाही दुखणं हेच होतं. कंपनी नको म्हणताना तिच्या जागी कोण बसणार, याचं उत्तर हातात असलं पाहिजे. प्रीएम्प्ट-आरटी, म्हणजे कर्नलची रिअल-टाइम सोय, साधारण २००४ पासून वेगळ्या पॅचांच्या रूपात होती. ती मूळ कर्नलमध्ये पूर्ण यायला २०२४ मधली ६.१२ ही आवृत्ती उजाडली; मधल्या काळात पैशांअभावी काम रखडल्याची वर्षं होती.

मोजायचं कसं

मागच्या बारा महिन्यांचा गिट लॉग घ्या. मर्ज कमिट वगळा, प्रत्येक कमिटच्या लेखकाचा फक्त ईमेल छापायला सांगा, ‘@’ नंतरचा भाग वेगळा काढा आणि मोजून उतरत्या क्रमाने लावा. दहा मिनिटांचं काम आहे. पण या आकड्यावर थांबलात तर फसाल. पगारी माणसं सर्रास जीमेल, कर्नल.ऑर्ग किंवा डेबियन.ऑर्गचा पत्ता वापरतात, म्हणून वरच्या पंधरा-वीस नावांचा मालक हाताने शोधावा लागतो. बदललेल्या ओळी तर मोजूच नका: एएमडीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमधल्या यंत्राने तयार केलेल्या हेडर फाईली एवढ्या अवाढव्य आहेत की त्यांनी कोणतीही तुलना वाकडी होते.

त्याहून महत्त्वाची मोजणी दुसरी: आत कोण घेतं. कर्नलमध्ये ‘कमिटर’ हा रकाना आणि ‘रिव्ह्यूड-बाय’, ‘अ‍ॅक्ड-बाय’ या ओळी पाहा. गिटहबवर बटण दाबून घेतलेल्या बदलात कमिटर म्हणून गिटहबचंच नाव येतं, तिथे पुल रिक्वेस्ट कोणी मंजूर केली ते पाहावं लागतं. मर्जचा अधिकार असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त एकाच मालकाकडे असतील तर मी तो घटक धोक्याच्या यादीत टाकतो. कर्नलच्या एका आवृत्तीत सुमारे २,००० लोक हातभार लावतात, तिथे हा प्रश्न पूर्ण कर्नलसाठी विचारण्यात अर्थ नाही. तुम्ही वापरता त्या ड्रायव्हरचा आणि फाइलसिस्टिमचा उपफोल्डर घेऊन विचारा. एका कंपनीच्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर बहुधा तीच कंपनी सांभाळते, आणि ते कार्ड विकायचं बंद झालं की ड्रायव्हर पोरका होतो. ‘मेंटेनर्स’ फाईलमध्ये त्या नोंदीपुढे ‘सपोर्टेड’ म्हणजे पगारी, ‘मेंटेन्ड’ म्हणजे कोणीतरी बघतंय, ‘ऑड फिक्सेस’ किंवा ‘ऑर्फन’ असेल तर नवी खरेदी करताना ते कार्ड टाळा.

कंपनीसोबत तिच्या देशाचा कायदाही येतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये, ६.१२ चं काम चालू असताना, रशियाशी संबंधित सुमारे डझनभर मेंटेनरांची नावं नियमपालनाचं कारण देऊन त्या फाईलमधून काढली गेली. त्यांचा कोड आणि कॉपीराइट जागेवर राहिला, अधिकार गेला. लिनक्स फाउंडेशन अमेरिकेत नोंदलेलं आहे, तिथले निर्बंध त्याला पाळावे लागतात. भारतातल्या सरकारी किंवा संरक्षणाच्या कामासाठी घटक निवडणाऱ्यांनी नाव कुठे नोंदलंय, सह्यांच्या किल्ल्या कोणाकडे आहेत, आरशाची प्रत (मिरर) देशात कुठे आहे, या तीन ओळी आपल्या यादीत घालाव्यात. संपूर्ण रिपॉझिटरीचा स्थानिक आरसा ठेवायला शे-दोनशे जीबी ते एखादा टीबी जागा पुरते. तेवढ्याने वेळ विकत घेता येतो.

जोडण्या मोजायला डेबियन-उबंटूवर ‘एपीटी-कॅश आरडिपेंड्स’ला फक्त बसवलेली पॅकेजं दाखवायला सांगा. आरपीएमच्या जगात ‘डीएनएफ रेपोक्वेरी’ला तोच प्रश्न ‘व्हॉटरिक्वायर्स’ने विचारता येतो. आकड्यात लिबसिस्टिमडीवरचं अवलंबन आणि सिस्टिमडीवरचं अवलंबन वेगळं काढा. पहिलं बहुतेक वेळा बांधणीचा एक पर्याय बदलून जातं, दुसरं जात नाही.

फोर्कची धमकी खरी असावी लागते

ग्लिबसीची गोष्ट मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते. २००० च्या दशकात ती रेड हॅटमधल्या उलरिख ड्रेपर यांच्या एकहाती ताब्यात होती आणि एआरएमसारख्या तेव्हाच्या ‘किरकोळ’ प्रोसेसरांसाठीच्या दुरुस्त्या नाकारल्या जात. २००९ मध्ये डेबियनने ईग्लिबसी या फोर्ककडे जायचं जाहीर केलं. ईग्लिबसीने एबीआय अजिबात मोडला नाही, म्हणून एकही प्रोग्रॅम पुन्हा बांधावा लागला नाही. ड्रेपर २०१० मध्ये रेड हॅटमधून बाहेर पडले, मार्च २०१२ मध्ये ग्लिबसीची सुकाणू समिती विसर्जित झाली, निर्णय सहमतीने व्हायला लागले आणि २०१४ मध्ये डेबियन मूळ ग्लिबसीकडे परतलं. वर्षानुवर्षं नाकारलेलं स्ट्रएलसीपीवाय हे फंक्शन २०२३ च्या २.३८ मध्ये आलं. सुसंगत राहणारा फोर्क ही दबाव आणायची सर्वांत परिणामकारक पद्धत आहे. एबीआय तोडणारा फोर्क बहुधा एकटा पडतो.

पैशांचा दुसरा मार्गही आता दिसतो. जर्मन सरकारच्या सॉव्हरिन टेक फंडाने २०२३ मध्ये ग्नोमला १० लाख युरो दिले. असा पैसा आला की एकाच मालकाच्या पगारावर नसलेली माणसं पूर्ण वेळ काम करू शकतात. आपल्याकडे सरकारी खर्चाने डिस्ट्रो बनवण्याची हौस आहे. त्यातला थोडा वाटा मूळ घटकांच्या देखभालीकडे वळला तर डेबियनवर नवं बोधचिन्ह चिकटवण्यापेक्षा कितीतरी जास्त पदरात पडेल, असं माझं ठाम मत आहे.

मराठी वापरणाऱ्यांचं यात थेट काय आहे, तेही सांगतो. लिनक्सवर ‘दुसऱ्या’ मधला अर्धा र डोळ्याच्या पापणीसारखा उमटतो तो हार्फबझ या लायब्ररीमुळे, आणि तिचे मुख्य लेखक रेड हॅट, मग गूगल अशा पगारांवर ते काम करत आले. लोहित देवनागरी हा फाँट रेड हॅटच्या पुण्यातल्या चमूने वर्षानुवर्षं सांभाळला. हार्फबझ एमआयटी धर्तीच्या आणि लोहित ओपन फाँट परवान्याखाली असल्याने ते कोणी काढून घेऊ शकत नाही. चूक दुरुस्त व्हायला मात्र कोणाला तरी वेळ असावा लागतो.

आणि इथे एकट्या माणसालाही जागा आहे. ग्लिबसीत मराठीसाठी ‘एमआर_आयएन’ नावाची लोकेल फाईल आहे: महिन्यांची नावं, तारखेची मांडणी, आकड्यांचे गट. ऑगस्ट २०२१ पर्यंत ग्लिबसीत मोठा बदल द्यायचा तर कॉपीराइट फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला लिहून द्यावा लागे. आता कर्नलसारखी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ओळ चालते. चूक सापडली तर आधी युनिकोडच्या सीएलडीआरमध्ये (सगळ्या भाषांच्या अशा माहितीच्या कोशात) तीच माहिती कशी आहे ते पाहा, कारण ग्लिबसीचे लोक सहसा त्याचा दाखला मागतात. सीएलडीआरमध्येही चूक असेल तर ठरावीक मुदतीत उघडणाऱ्या सर्व्हे टूलमधून तिथे आधी सुधारणा सुचवा. मग ग्लिबसीच्या बगझिलात, म्हणजे चुकांच्या नोंदवहीत, नोंद करा, एका पॅचमध्ये एकच बदल ठेवा, आधी आणि नंतर ‘डेट’ आज्ञा काय छापते ते दोन ओळींत दाखवा आणि पॅच मेलिंग लिस्टवर पाठवा. दोन आठवडे उत्तर आलं नाही तर त्याच धाग्यात ‘पिंग’ एवढंच लिहून आठवण द्या. तिथली रीतच तशी आहे.